कृषी संशोधनाचा नफा कोणाच्या पदरात?

शेतीच्या संशोधनावर खर्च केलेला पैसा कितीतरी पटीने परत मिळतो, असे अर्थशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. अमेरिकेत झ्वी ग्रिलिकेस यांनी १९५८ मध्ये संकरित मक्याच्या संशोधनाचा हिशेब मांडला. या संशोधनावरील खर्चाचा समाजाला वर्षाला किमान ७०० टक्के परतावा मिळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण 'समाजाला' म्हणजे नेमके कोणाला? हा प्रश्न भूमिहीनांच्या चळवळीने विचारला पाहिजे.

हा हिशेब होतो तरी कसा? नव्या वाणामुळे किंवा यंत्रामुळे उत्पादन किती वाढले, खर्च किती घटला, माल किती स्वस्त झाला, याची पैशात किंमत काढायची. त्यातून संशोधनाचा खर्च वजा करायचा. उरला तो समाजाचा नफा. यात बागायतदाराच्या खिशात पडलेला रुपया आणि मजूर बाईच्या हातून गेलेला रुपया एकाच मापाने मोजला जातो. शेवटी शिल्लक राहिली की संशोधन यशस्वी!

कॅलिफोर्नियाचे उदाहरण पाहा. तेथील सरकारी विद्यापीठाने टोमॅटो तोडणीचे यंत्र तयार केले आणि त्या यंत्राला सोसेल असा टणक टोमॅटोही निर्माण केला. १९६० च्या दशकात हे यंत्र झपाट्याने पसरले. श्मिट्झ आणि सेक्लर या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये त्याचे मूल्यमापन केले. परतावा निघाला सुमारे हजार टक्के! पण त्यांनी पुढचाही प्रश्न विचारला. काम गेलेल्या मजुरांना भरपाई दिली असती तर? तरीही समाजाला भरपूर नफा उरला असता, असे उत्तर आले. प्रत्यक्षात भरपाई कोणी दिलीच नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सुमारे ३२ हजार रोजगार गेल्याचा अंदाज आहे. टोमॅटो पिकवणारे शेतकरीही सुमारे चार हजारांवरून १९७३ पर्यंत सहाशेवर आले. नफा कागदावर समाजाचा होता, पदरात मात्र मूठभरांच्या पडला.

आपल्याकडे वेगळे काय आहे? तणनाशक आले की अहवालात 'मजुरीत बचत' अशी नोंद होते. ही बचत म्हणजेच निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बायांचा बुडालेला रोज. मळणीयंत्र, कापणीयंत्र यांचेही तसेच. दिवसभर वाकून खुरपे चालवण्याचे कष्ट कायम राहावेत, असे कोणीही म्हणणार नाही. पण कष्टाबरोबर चूलही विझत असेल तर त्याची नोंद कोणी करायची?

संशोधनाने गरिबांना काहीच दिले नाही, असे म्हणणेही खरे नाही. मजूर धान्य विकत घेऊन खातो. धान्य वाढले, स्वस्त झाले, तर त्याचा फायदा होतोच. १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीने महाराष्ट्रात उत्पादन वाढवले. पण ती बुटकी, तिचा कडबा कमी. फक्त धान्याचे क्विंटल मोजणाऱ्या हिशेबात दारातल्या जनावराचा चारा येत नाही.

आता हा हिशेब कोणाच्या जीवनाशी निगडित आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी ११ कोटी ८८ लाख, तर शेतमजूर १४ कोटी ४३ लाख होते. अनुसूचित जातींच्या कामकऱ्यांपैकी जवळपास निम्मे शेतमजूर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार कसल्या जाणाऱ्या क्षेत्रापैकी जेमतेम नऊ टक्के क्षेत्र अनुसूचित जातींकडे होते. संशोधनाचा लाभ जमिनीच्या वाटेने येतो. ज्याला जमीन नाही त्याच्यापर्यंत तो पोचणार कसा? अनुसूचित जाती उपयोजनेतून संशोधन संस्था बियाणे वाटतात. पण ज्याला शेतच नाही त्याने ते पेरायचे कुठे?

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले होते, की शेतीचा प्रश्न एकरांच्या आकड्यांनी सुटत नाही. श्रम आणि भांडवल यांचाही विचार करावा लागतो. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न करता गावकऱ्यांना सामूहिकपणे कसायला द्यावी, अशी मांडणी केली. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको. वाटपाचा प्रश्न त्यांनी उत्पादनाच्या प्रश्नापासून कधी तोडला नाही. आपल्या मूल्यमापनात नेमका तोच तुटलेला आहे.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठे जनतेच्या पैशावर चालतात. त्या पैशात मजुराने काडेपेटीसारख्या वस्तूंवर भरलेला करही आहे. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक नव्या वाणाच्या, औषधाच्या, यंत्राच्या शिफारशीसोबत एक रकाना असावा : मजुरीचे किती दिवस घटले, कोणाचे घटले, त्यांना पर्याय काय दिला? दातेरी वैभव विळ्यासारखी कष्ट हलके करून काम हातात ठेवणारी अवजारे, भूमिहीनाला पाळता येणारी शेळी-कोंबडी, यांच्या संशोधनावर किती खर्च झाला, हेही जाहीर व्हावे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. कार्यकर्त्यांनी अर्ज करून हे आकडे मागावेत. हिशेब मागितल्याशिवाय वाटा मिळत नाही.