रिपोर्टची पहिली ओळ

एडब्ल्यूएसचं खातं तपासायला घेतलं की मी आधी क्रेडेन्शियल रिपोर्ट मागवतो. साधी सीएसव्ही फाइल असते. युजरांच्या यादीत पहिल्याच ओळीत, कोनी कंसात, ‘रूट अकाउंट’. हा खात्याचा खरा धनी. खातं ज्या ईमेलवर उघडलं त्याच ईमेलनं तो आत येतो आणि आयएएमची, म्हणजे युजरांच्या परवानग्यांची, पॉलिसी लावून त्याला अडवता येत नाही.

माझी तपासणीची स्क्रिप्ट या ओळीतले मोजकेच रकाने वाचते. एमएफए, म्हणजे पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी, चालू आहे का? दोन्ही अ‍ॅक्सेस की बंद आहेत का? पासवर्ड शेवटचा कधी वापरला? रूटची की जिवंत दिसली की थेट लाल शेरा. सीआयएस बेंचमार्क ही सुरक्षेची नियमावलीही त्यात सूट देत नाही, आणि देऊही नये. तारखेच्या रकान्यात मात्र कधी कधी ‘नो इन्फर्मेशन’ येतं. नवखा माणूस त्याचा अर्थ ‘कधीच वापरला नाही’ असा लावून खूश होतो. पण ही नोंद ठेवणं सुरू झालं २० ऑक्टोबर २०१४ला. त्याआधीचं लॉगिन तिथे उमटतच नाही. आणखी एक गंमत : चूक सुधारून लगेच स्क्रिप्ट चालवली तरी लाल शेरा जागचा हलत नाही, कारण नवा रिपोर्ट चार तासांतून एकदाच बनतो. तेवढ्यात क्लायंटचे दोन फोन येऊन जातात.

एमएफए फोनमधल्या अ‍ॅपवर आहे की हातात धरायच्या हार्डवेअर कीवर, हे रिपोर्ट सांगत नाही. म्हणून प्राउलरसारखी तपासणीची टूल्स उलटीकडून जातात. व्हर्च्युअल उपकरणांची यादी मागवायची. एमएफए चालू आहे आणि त्या यादीत रूट नाही, म्हणजे हार्डवेअर असणार. पुरावा असा गैरहजेरीचा असतो, पण चालतो.

२०२४पासून एडब्ल्यूएसनं रूटला एमएफए टप्प्याटप्प्यानं सक्तीचं केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑर्गनायझेशनमधल्या सदस्य खात्यांची रूट क्रेडेन्शियल्स मध्यवर्ती ठिकाणाहून काढून टाकायची सोय आली. ज्यांच्याकडे अशी खाती ढीगभर आहेत त्यांनी ही सोय वापरावीच. जो पासवर्ड नाहीच, तो चोरीला कसा जाणार?

आता स्क्रिप्टच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. क्रेडेन्शियल रिपोर्टला ईमेलचा रकाना नाही. एका छोट्या कंपनीच्या खात्यात सगळे शेरे हिरवे होते आणि रूटचा ईमेल केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा. पासवर्ड विसरला तर नवा ठरवायची लिंक त्याच पत्त्यावर जाते. एमएफएचं उपकरण हरवलं तर पडताळणी तोच ईमेल आणि खात्यावर नोंदवलेला फोन नंबर यांवरून होते. म्हणजे हिरव्या शेऱ्यांमागचं दार भलत्याच माणसाच्या मेलबॉक्समध्ये उघडत होतं. असं खातं मी पास करत नाही, टूल काहीही म्हणो.

तेव्हा तुमच्याकडे खातं असेल तर रूटचा ईमेल आधी बघा. एकट्या माणसाचा असेल तर कंपनीच्या डोमेनवरच्या गट-पत्त्यावर न्या. आणि खात्यावर नोंदवलेल्या नंबरवर एकदा फोन लावून पाहा, कोण उचलतंय ते.