क्रेडिट कार्डाचे वाढलेले वार्षिक शुल्क

क्रेडिट कार्ड म्हणजे बँकेने ठरावीक मर्यादेपर्यंत दिलेली अल्पमुदतीची उधारी होय. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली पहिले क्रेडिट कार्ड आणले. त्या काळी ते मोजक्याच लोकांच्या खिशात असे. आज बंगळुरूसारख्या शहरात कारागीर, वाहनचालक व छोटे दुकानदारही ते वापरतात. या सोयीसाठी बँक दरवर्षी जे मूल्य घेते, त्यास वार्षिक शुल्क म्हणतात. हे शुल्क वाढल्याचे पत्र आले, की कार्ड ठेवावे की परत करावे, असा प्रश्न निर्माण होतो. हा निर्णय रागाने किंवा सवयीने न घेता हिशेब करून घेतला पाहिजे.

एक उदाहरण पाहू. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर भागातील अनेक कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभरातील सराफ बाजारांत स्थायिक झाली आहेत. समजा, बंगळुरूतील अशा एका कारागिराच्या कार्डाचे शुल्क ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर पूर्वी ५९० रुपये पडत होते, आता १,१८० रुपये पडतील. तो कार्डावर वर्षाला ६०,००० रुपये खर्च करतो आणि त्यावर एक टक्का, म्हणजे ६०० रुपये सवलत मिळते. पूर्वी जमा-खर्चाचा मेळ जेमतेम बसत होता. आता मात्र वर्षाला ५८० रुपयांचा तोटा होईल.

अनेक बँका ठरावीक खर्च केल्यास शुल्क माफ करतात. समजा, ही अट दीड लाख रुपयांची आहे. मग १,१८० रुपये वाचविण्यासाठी या कारागिराला आणखी ९०,००० रुपये कार्डावर खर्च करावे लागतील. किराणा, वीजबिल यांसारखा एरवी रोखीने होणारा खर्च कार्डाकडे वळवून ही अट पूर्ण होत असेल, तर हरकत नाही. परंतु केवळ माफीसाठी नको असलेल्या वस्तू घेणे हा निव्वळ तोटा होय.

शुल्कापेक्षा व्याजाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. १०,००० रुपयांच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज आकारले, तर ३५० रुपये होतात आणि करासह ४१३ रुपये. अशी थकबाकी तीन महिने राहिली, तर १,२३९ रुपये जातात. म्हणजेच वर्षभराच्या शुल्काहूनही अधिक! ज्यांना दरमहा पूर्ण रक्कम भरणे जमत नाही, त्यांनी शुल्क कितीही कमी असले तरी प्रथम थकबाकी फेडावी.

कार्ड बंद करण्यापूर्वी आणखी एक बाजू विचारात घ्यावी. समजा, आपल्याकडे प्रत्येकी ५०,००० रुपये मर्यादेची दोन कार्डे आहेत व महिन्याचा खर्च ३०,००० रुपये आहे. एक कार्ड बंद केल्यास मर्यादेचा वापर ३० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर जातो. त्यामुळे क्रेडिट स्कोअर कमी होऊ शकतो. लवकरच घरासाठी किंवा व्यवसायासाठी कर्ज घ्यायचे असेल, तर तेच कार्ड शुल्क नसलेल्या प्रकारात बदलून मिळेल का, हे बँकेला विचारावे.

ग्राहकाला काही हक्कही आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या नियमांनुसार शुल्कवाढीची सूचना किमान एक महिना आधी द्यावी लागते. ही वाढ मान्य नसल्यास सर्व देणी भरून, कोणताही जादा आकार न देता कार्ड परत करता येते. देणी फिटलेली असतील, तर बँकेने अर्ज मिळाल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे. विलंब झाल्यास तिला दररोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. अर्ज टपालानेच पाठवा, असा आग्रहही बँकेला धरता येत नाही.

कार्ड बंद करायचे ठरल्यास पुढील क्रम पाळावा :

१. नवे शुल्क लागू होण्याची तारीख पाहून त्याआधीच अर्ज करावा.
२. जमलेले रिवॉर्ड पॉइंट वापरून घ्यावेत.
३. कार्डातून आपोआप भरली जाणारी बिले दुसरीकडे वळवावीत.
४. सर्व देणी भरावीत व अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा.
५. कार्ड बंद झाल्याचा संदेश आल्यावर ते कापून टाकावे.

केवळ कार्ड कापून टाकल्याने खाते बंद होत नाही. शुल्क पुढेही लागत राहते. तसेच, “शुल्क माफ करतो, ओटीपी सांगा,” असा फोन आल्यास तो फसवणुकीचा समजावा. बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

येत्या वर्षात या कार्डापासून प्रत्यक्ष किती लाभ होईल आणि त्यासाठी किती पैसे मोजावे लागतील, हे दोन आकडे वहीत शेजारीशेजारी लिहावेत. मागील वर्षी भरलेले शुल्क परत येणार नाही, म्हणून ते या हिशेबात धरू नये. लाभाचा आकडा मोठा असेल, तर कार्ड ठेवावे. नसेल, तर मुदतीत परत करावे.