आधी वाचक, मग परीक्षक

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी मद्रासहून केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले. सोबत सूत्रांनी भरलेली पाने होती. पत्र बोटीने गेले आणि हार्डींनी ८ फेब्रुवारीला उत्तर लिहिले. पुढे टपाल विमानाने जाऊ लागले, तरी गणितज्ञांचा व्यवहार पत्रे आणि छापील नियतकालिके यांवरच चालत राहिला. लेख पाठवायचा, परीक्षकांच्या शेऱ्यांची वाट पाहायची. छापून यायला वर्ष-दोन वर्षे लागली तरी कुरकुर करायची नाही.

अडचण वेगाएवढीच चिन्हांचीही होती. साध्या टंकलेखन यंत्रावर वर्गमूळ कसे उमटवणार? अशी चिन्हे पुष्कळदा हातानेच काढावी लागत. १९७८ मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड क्नुथ यांनी 'टेक' ही संगणकप्रणाली तयार केली. सूत्र साध्या अक्षरांत लिहायचे, ते सुबक मांडायचे काम संगणकाचे. आता सूत्र ई-मेलनेही पाठवता येऊ लागले. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी पदार्थवैज्ञानिकांसाठी सुरू केलेल्या 'आर्काइव्ह' या भांडारात पुढे गणितज्ञही आपले लेख ठेवू लागले. तिथे वाचायला पैसे पडत नाहीत. लेखांवर वरवर नजर टाकली जाते, पण सिद्धता बरोबर आहे की चूक, हे तपासले जात नाही.

या बदलाचे उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी नऊ पानांचा एक लेख काही तज्ज्ञांना ई-मेलने पाठवला आणि संकेतस्थळावरही ठेवला. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट आणि खात्रीने कसे ठरवायचे, हा प्रश्न जुना. जलद रीती होत्या, पण त्यांच्या उत्तरात चुकीची किंचित शक्यता उरे किंवा त्या एखाद्या सिद्ध न झालेल्या गृहीतकावर उभ्या असत. या तिघांच्या रीतीत अशी पळवाट नव्हती. त्याच आठवड्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली. लेखात संख्यांविषयीचा एक अवघड सिद्धांत वापरला होता; त्याची गरजच पडणार नाही अशी सुधारणा हेंड्रिक लेन्स्ट्रा यांनी लवकरच सुचवली. 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये लेख छापून आला २००४ मध्ये. तोवर जगभरच्या जाणकारांनी तो वाचून, पडताळून, वर्गात शिकवूनही टाकला होता!

पण लेख नऊ पानांचा आणि सुबोध होता, हे विसरू नये. जपानच्या शिनिची मोचिझुकी यांनी २०१२ मध्ये 'एबीसी' अनुमानाची सिद्धता म्हणून शेकडो पाने आपल्या संकेतस्थळावर ठेवली. ती कोणालाही फुकट वाचता येतात, पण समजली म्हणणारे मोजकेच. २०१८ मध्ये पीटर शोल्झ आणि याकोब स्टिक्स यांनी तिच्यात मूलभूत उणीव असल्याचे सांगितले. मोचिझुकींनी ते मानले नाही. २०२१ मध्ये परीक्षकांच्या हाताखालून ती क्योटोच्या एका नियतकालिकात छापूनही आली. तरी बहुसंख्य तज्ज्ञांचे समाधान झालेले नाही. पाने काही सेकंदांत पोचतात. ती समजून घ्यायला मात्र कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन महिनोन् महिने बसावे लागते.