दारावरची कोरफड



आपल्या मीरा-भाईंदरात पुष्कळ घरांच्या दारावर कोरफड उलटी टांगलेली दिसते. मुळे वर, पाने खाली. दृष्ट लागू नये म्हणून लोक ती बांधतात. तिला माती नाही, पाणी नाही. तरी कित्येक दिवस ती हिरवीच राहते. ही काय जादू आहे?

जादू नाही. आपल्या खाडीकाठची मिठागरे तुम्ही पाहिली असतील. ऊन आणि वारा तिथले पाणी उडवून नेतात, मीठ मागे राहते. झाडाच्या पानांतले पाणीही असेच उडते. पानावर बारीक छिद्रे असतात, त्यांतून ते जाते. बहुतेक झाडे ही छिद्रे दिवसा उघडतात. कोरफड मूळची अरबस्तानच्या कोरड्या मुलखातली. ती उन्हाच्या वेळी छिद्रे मिटून घेते आणि रात्री गारव्याला उघडते. शिवाय तिची साल जाड, आणि आत गर भरलेला. म्हणजे पाण्याची घागर तिने पोटातच भरून ठेवली आहे. दारावर ती हेच पाणी पुरवून पुरवून वापरते. ते संपले की सुकते.

आता माझी फजिती ऐका. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा मी गॅलरीत एका डब्यात कोरफड लावली. मास्तरकीची सवय! रोज सकाळी नेमाने तांब्याभर पाणी घालायचो. थोड्या दिवसांनी पाने पिवळी आणि मऊ पडली. मला वाटले, बिचारी तहानली. आणखी पाणी घातले. शेवटी उपटून पाहिली, तर मुळे काळी पडून कुजलेली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "गुरुजी, दारावरची बिनपाण्याची जगली, आणि तुमची पाण्याने मेली!"

मावशींचे खरे होते. मुळांनाही हवा लागते. माती सदा ओली राहिली की हवेची जागा पाणी घेते. मुळे गुदमरतात आणि कुजतात.

म्हणून कोरफड अशी लावा. कुंडी किंवा जुना डबा घ्या. बुडाला भोके हवीतच. दोन वाटे माती, एक वाटा वाळू, एक वाटा विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर शेणखत मिसळा. खाडीचा चिखल किंवा समुद्राची वाळू घेऊ नका. त्यात मीठ असते. कुंडी सकाळचे ऊन मिळेल अशा जागी ठेवा.

पाणी घालण्याआधी मातीत दोन पेरे बोट खुपसा. ओल लागली तर पाणी नको. कोरडे लागले तरच भोकातून निथळेपर्यंत घाला. उन्हाळ्यात साधारण आठवड्याने, थंडीत पंधरा दिवसांनी पाणी पुरते. जून ते सप्टेंबर कुंडी पागोळीखालून आत घ्या. बुडाशी पिल्ले फुटतात. ती वीतभर झाली की मुळांसकट वेगळी करा. दोन दिवस सावलीत जखम सुकू द्या, मग लावा. चार-पाच दिवस पाणी घालू नका.

गर हवा असेल तर बाहेरचे, खालचे पान कापा. कापलेली बाजू खाली करून थोडा वेळ उभे ठेवा. पिवळा चीक गळून जाईल. मग धुऊन साल काढा. हा चीक पोटात गेला तर जुलाब होतात, पोटात कळा येतात. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी कोरफड पोटात घेऊ नये.

चुलीपाशी बोट भाजले तर आधी वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. मग वाटल्यास स्वच्छ गर लावा. भाजलेली जागा मोठी असेल, किंवा मूल भाजले असेल, तर पाणी ओतून झाल्यावर कोरफडीत वेळ घालवू नका. लगेच दवाखाना गाठा.

आज घरी गेल्यावर दारावर पाहा. तिथली कोरफड अजून हिरवी असेल तर सुकण्याआधी खाली उतरवा आणि कुंडीत लावा. फार लाड मात्र करू नका. ती थोडक्यात भागवणारी आहे.