बुटक्या यंत्राची साखळी

सायकलची साखळी कोणी पाहिली नाही? सैल पडली की ती दात्यांवरून उतरते, हे पोरांनाही ठाऊक. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचेच दुकान काढले होते. थोर यंत्रे पुढे आली. तेव्हा सायकल समजली की आजचा विषय निम्मा समजलाच.

सोलापूरकडे रस्त्याच्या कामावर एक बुटके चारचाकी यंत्र दिसते. पुढे दोन लोखंडी हात आणि हातांना मोठे खोरे. याला स्किड स्टिअर लोडर म्हणतात. कोणी बॉबकॅट म्हणतात, पण ते एका कंपनीचे नाव आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात केलर नावाच्या दोघा भावांनी १९५७ च्या सुमारास याचे मूळ यंत्र केले. एका शेतकऱ्याला टर्की पक्ष्यांच्या खुराड्यातली घाण काढायची होती! ते यंत्र तीन चाकांचे होते.

मोटारीची पुढची चाके वळतात, तशी याची वळत नाहीत. डावी दोन चाके थांबवून उजवी चालवली की यंत्र घासत डावीकडे वळते. या घासण्याची सगळी ओढ साखळ्यांवर येते. पुष्कळ यंत्रांत दोन्ही अंगांना एकेक मोटर असते. तिच्यापासून एक साखळी पुढच्या चाकाला जाते, एक मागच्या. त्या बंद पेटीत, तेलात चालतात. म्हणून दुखणे बाहेरून दिसत नाही.

ते ऐकू येते. पुढून मागे जाताना हिसका बसतो, पेटीत खडखड होते. साखळी तुटली तर एक चाक नुसते ओढले जाते.

आता नीट ऐका. पेटी उघडण्याआधी खोरे जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला. हात वर ठेवणे भागच असेल, तर यंत्राचा लोखंडी अडसर लावल्यावाचून खाली डोके घालू नका. तेलाचा दाब गेला की हात खाली येतात, आणि माणूस चिरडतो. नुसत्या जॅकवरही भिस्त नको. भक्कम टेकू द्या. विटांचे टेकू आम्हांला मुळीच पसंत नाहीत, वीट फुटते.

मग जुने तेल भांड्यात काढा. दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. लोखंडाचा चुरा निघाला तर झीज फार झाली.

साखळी ताणली असे लोक म्हणतात. खरे म्हंजे पोलाद ताणत नाही, कडीतली पिन आणि बुश झिजतात. एका कडीची झीज डोळ्याला दिसत नाही, पन्नास कड्यांची मिळून बोटभर होते. साखळी ताठ धरून मोजा. एक इंची कड्या असतील तर १२ कड्या १२ इंच भरायला हव्यात. पाव इंच जास्त भरल्या की साखळी बदलावी. दातेही पाहावेत. ते आकड्यासारखे वाकडे झिजले असतील आणि नुसती साखळी नवी घातली, तर तीही लवकर जाते. पैसे दोनदा जातात, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

काही यंत्रांत बोल्ट सैल करून साखळी ताणता येते. किती ताणावी ते यंत्राच्या पुस्तकात असते. फार ताठ केली तर बेअरिंग खाते. शेवटी झाकणाची जागा पुसून नवे पॅकिंग घाला, पुस्तकात सांगितलेले तेल भरा. मोकळ्या जागेत हळू चालवून पाहा, आणि झाकणापाशी तेल गळते का ते दुसऱ्या दिवशीही बघा.