रात्री कोंबड्या कुठे झोपतात?

‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. कोंबडे झाकायचे म्हणजे नेमके काय, हे मात्र आता शहरातल्या वाचकाला सांगावे लागेल. दिवेलागणीला कोंबड्या परतल्या की त्यांना बांबूच्या डालग्याखाली घालायचे, डालग्यावर दगड ठेवायचा आणि ते पडवीत किंवा घराच्याच एका कोपऱ्यात सरकवायचे, अशी ही रीत आहे. खेडोपाडी ती आजही चालू आहे. ज्या घरात रांगते मूल आहे, तिथे डालग्याची ही जागा आरोग्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरते.

परसातल्या कोंबड्या हा किरकोळ विषय नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातले होते. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. कोंबड्या पाळायला जमीन लागत नाही, भांडवल थोडे लागते आणि खाद्य बरेचसे उकिरड्यावर, अंगणात मिळते. अंडी विकून आलेले पैसे बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहतात. मुलाची वही, तेलाची पिशवी, दवाखान्याची फेरी असे खर्च त्यातून भागतात.

अंड्याचा फायदा

पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. गावठी अंडे लहान असल्याने त्यात ती थोडी कमी असतात, पण त्यांचा दर्जा तोच. शरीराला लागणारी सर्व आवश्यक अमिनो आम्ले, ब-१२ आणि अ जीवनसत्त्व, मेंदूच्या वाढीसाठी लागणारे कोलीन हे सगळे एका अंड्यात मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. अशा राज्यात दारातले अंडे ही मोठी गोष्ट आहे.

दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोर देशात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे देऊन पाहण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, अंडे मिळालेल्या बाळांमध्ये उंची खुंटण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे आफ्रिकेतील मलावी देशात असाच प्रयोग झाला, तेव्हा वाढीत तसा फरक दिसला नाही. तिथली बाळे आधीपासूनच मासे खात होती. म्हणजे अंडे जादू करत नाही. ज्या ताटात दुसरे काही पौष्टिक नसते, त्या ताटात त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

गावठी अंड्याला बाजारात चांगला भाव मिळतो, म्हणून घरात पिकलेले अंडे बऱ्याचदा घरातल्या मुलाच्या तोंडी लागतच नाही. एवढे ठरवता आले तरी पुष्कळ झाले: आठवड्यातली काही अंडी विकायची नाहीत, ती दोन वर्षांखालच्या मुलासाठी आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईसाठी बाजूला काढायची. बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून, थोड्या प्रमाणापासून सुरू करता येते.

तोटा कुठून येतो

इथिओपियाच्या ग्रामीण भागातील मुलांच्या एका मोठ्या पाहणीत संशोधकांना दोन गोष्टी एकाच वेळी दिसल्या. कोंबड्या असलेल्या घरांतली मुले उंचीने थोडी बरी होती. पण ज्या घरांत कोंबड्या रात्री राहत्या घरातच कोंडल्या जात, तिथल्या मुलांची उंची कमी भरत होती. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हे खरे. पण त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे.

कोंबडी सारवलेल्या जमिनीवर घाण करते. सकाळी ती झाडली जाते, पण पूर्ण निघत नाही. त्याच जमिनीवर मूल रांगते आणि हात तोंडात घालते. झिंबाब्वेतील खेड्यांत संशोधकांनी बाळांवर दिवसभर लक्ष ठेवले, तेव्हा काही बाळे माती आणि कोंबडीची विष्ठाही तोंडात घालताना दिसली. कॅम्पायलोबॅक्टर, साल्मोनेला यांसारखे जंतू कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतात. कोंबडी धडधाकट दिसते, अंडी देते आणि विष्ठेतून जंतू टाकत राहते.

या जंतूंनी मुलाला जुलाब लागले, तर ते आईच्या लगेच लक्षात येते. पण थोडे थोडे जंतू रोज पोटात गेले, तर जुलाब न होताही नुकसान होऊ शकते. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम तेच करतात. सततच्या सुजेने हे अंकुर आखूड होतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही आणि वाढीसाठीची ताकद जंतूंशी झगडण्यात खर्च होते. मूल आजारी दिसत नाही, फक्त वाढत नाही. एकीकडे अंडे भरवायचे आणि दुसरीकडे ते पचवणारे आतडे बिघडू द्यायचे, असा हा उलटा व्यवहार होतो.

बाहेर ठेवायच्या तर कशा?

कोंबड्या घरात घेण्यामागे निष्काळजीपणा नसतो. बाहेर मुंगूस असते, रानमांजर असते. कोल्हा, भटकी कुत्री आणि पिल्ले-अंडी गिळणारा साप असतो. चोरीची भीती असते. दिवसा घार आणि कावळा पिल्ले उचलतातच. खुडूक कोंबडीने २१ दिवस बसून काढलेली दहा पिल्ले एका रात्रीत गेली, तर पुन्हा महिनोन्महिने थांबावे लागते. म्हणून ‘कोंबड्या घरात ठेवू नका’ एवढे सांगून कोणी ऐकणार नाही. घराइतकेच सुरक्षित खुराडे घराबाहेर उभे राहिले, तरच ही सवय बदलेल.

असे खुराडे घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून करता येते, म्हणजे रात्री आवाज ऐकू येतो. दहा कोंबड्यांना रात्रीपुरती चार फूट बाय तीन फूट जागा पुरते. ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, पायांवर उभे असावे. तळाला बांबूच्या कामट्या किंवा जाळी असावी, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि कोंबड्या कोरड्या राहतात. जाळीची भोके बारीक, अर्ध्या इंचाची हवीत. मोठ्या भोकांतून मुंगूस आणि साप सहज आत शिरतात. आत आडवी काठी बसवावी, कारण कोंबडीला स्वभावतःच उंचावर बसून झोपायला आवडते. हवा खेळती हवी आणि पावसाची झड आत येऊ नये. दाराला कडी पक्की हवी.

खाली साठलेली विष्ठा खड्ड्यात टाकून कुजवली की उत्तम खत होते. ताजी विष्ठा पालेभाजीवर टाकू नये. झाडताना आधी पाणी शिंपडावे आणि नाकातोंडाला फडके बांधावे. रक्त पिणारे बारीक लाल कीटक खुराड्याच्या फटींत लपतात आणि रात्री बाहेर पडतात. डालगे अंथरुणाजवळ असेल तर घरच्यांच्या अंगाला उठणारी खाज त्यांचीही असू शकते.

एकाच खोलीचे घर असेल आणि बाहेर जागाच नसेल, तर निदान डालग्याखाली रिकामे पोते पसरावे आणि मूल खाली उतरण्याआधी ते उचलून बाहेर झटकावे. डालगे चूल आणि पाण्याच्या हंड्यापासून लांब ठेवावे. मूल जिथे रांगते, तेवढ्या भागाला आडोसा करावा. कोंबड्यांना हात लावल्यावर आणि मुलाला भरवण्याआधी साबणाने हात धुणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मानमोडी आणि शंभर मात्रांची कुपी

परसातल्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू राणीखेत हा आजार. गावात त्याला मानमोडी म्हणतात. गेल्या शतकाच्या विसाव्या दशकाच्या अखेरीस कुमाऊँमधील राणीखेत येथे तो आढळला, म्हणून हे नाव पडले. हिरवट पातळ विष्ठा, धाप, लुळे पडलेले पंख, वळलेली मान अशी त्याची लक्षणे आहेत. काही दिवसांत अख्खे खुराडे रिकामे होऊ शकते. या विषाणूवर औषध नाही, लस आहे. साधारण सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब देतात आणि आठ आठवड्यांनंतर दुसऱ्या लसीचे इंजेक्शन. माणसाला या विषाणूमुळे क्वचित डोळे येतात आणि ते काही दिवसांत बरे होतात.

लस स्वस्त आहे, तरी ती घरोघरी पोहोचत नाही. कारण कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि बाईकडे कोंबड्या असतात बारा. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. एकटीने कुपी आणणे परवडत नाही. दहा घरांनी वर्गणी काढून एकच दिवस ठरवला, पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फात घालून लस आणली आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात आल्यावर सगळ्यांना दिली, तर ती अगदी थोड्या पैशांत होते. बचत गटांना हे काम सहज जमण्यासारखे आहे. गावातल्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरतात, त्यामुळे शेजारणीच्या कोंबड्यांना लस नसेल तर आपल्याही धोक्यात राहतात. बाजारातून आणलेली नवी कोंबडी निदान दोन आठवडे वेगळी ठेवावी.

आजारी कोंबड्यांना घरातल्या माणसांच्या उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या चारू नयेत. विषाणूवर त्या चालत नाहीत आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. याच भीतीने केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा पशुपक्ष्यांसाठी होणारा वापर बंद केला.

अचानक मर झाली तर

देशात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, २००६ च्या फेब्रुवारीत. माणसाला तो सहज होत नाही, पण झाला तर जीवघेणा ठरतो. २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा दिल्लीच्या एम्समध्ये त्याने मृत्यू झाला. एकाएकी बऱ्याच कोंबड्या किंवा कावळे मरू लागले, तर मानमोडी की बर्ड फ्लू हे घरी बसून ओळखता येत नाही. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये, ते खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत. आजारी कोंबड्या घाईने बाजारात नेऊ नयेत. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. साथ ठरल्यावर सरकार मारलेल्या पक्ष्यांची भरपाई देते, आधीच मेलेल्यांची देत नाही. त्यामुळे लवकर कळवण्यात पैशाचाही फायदा आहे. त्या दिवसांत घरात कोणाला ताप, खोकला किंवा धाप लागली, तर कोंबड्या मेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. विचारल्याशिवाय ही माहिती त्यांना कळत नाही.

एरवी काळजी साधी आहे. अंडे पांढरे-पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत आणि मटण आतून गुलाबी राहणार नाही इतके शिजवावे. अंडी साठवताना धुऊ नयेत, कारण कवचावरचा नैसर्गिक थर जातो, वापरण्याआधी धुवावीत. तडकलेले अंडे मुलाला देऊ नये. कच्च्या कोंबडीचे पाणी इतर भांड्यांवर उडू देऊ नये.

आपल्याकडे कोंबड्यांची चौकशी पशुवैद्यकीय खाते करते आणि मुलाचे वजन अंगणवाडीत होते. डालगे या दोहोंच्या मध्ये राहून जाते. वजन न वाढणाऱ्या मुलाच्या घरी आशाताई किंवा अंगणवाडीताई जातात, तेव्हा मूल काय खाते हे विचारतातच. त्याबरोबर कोंबड्या रात्री कुठे झोपतात, हेही त्यांनी विचारावे. उत्तर ‘घरात’ असे आले, तर आहाराच्या सल्ल्यासोबत खुराड्याची सोय कशी करता येईल, हेही त्याच भेटीत बोलून घ्यावे.