फाईल सर्व्हर, घरगुती
घरातील अनेक संगणकांना जाळ्यामार्फत सामाईक माहितीसंचय उपलब्ध करून देणारा संगणक. यास फार शक्तिमान प्रक्रियक लागत नाही. अल्प वीजवापर, पुरेसे वायुवीजन व जादा डिस्क बसविण्याची सोय यांना अधिक महत्त्व असते. दोष ओळखून दुरुस्त करणारी स्मृती इष्ट ठरते.

डिस्क-रचनेचा पाया म्हणजे १९८८ मध्ये डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मांडलेली ‘रेड’ पद्धती होय. प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्यास रेड-५ मध्ये १२, तर रेड-६ मध्ये ८ टेराबाइट जागा वापरता येते. उर्वरित जागेतील समता-माहितीवरून निकामी डिस्कवरील मजकूर गणिताने पुन्हा मिळविता येतो. रेड-५ एका, तर रेड-६ कोणत्याही दोन डिस्कची हानी सोसते. मोठ्या डिस्कची पुनर्रचना दीर्घकाळ चालते व त्या अवधीत रेड-५ मध्ये दुसरी डिस्क निकामी झाल्यास संचातील माहिती गमवावी लागते. म्हणून रेड-६ अधिक सुरक्षित मानतात.

तथापि रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाईल संपूर्ण संचातून नाहीशी होते. आग वा चोरी यांत तर संचच जातो. पुन्हा न मिळणारी छायाचित्रे व कागदपत्रे यांची एक प्रत अन्य ठिकाणी ठेवणे आणि ती वाचता येते याची वेळोवेळी खात्री करणे अत्यावश्यक असते.